परसातली भाजी आणि आठवडी बाजाराचा हिशेब

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावावर बोलायचे सोडून हे भाजीपाल्यावर काय बोलणार, असे काही जणांच्या चेहऱ्यावर दिसते आहे. मागचे दोघे-तिघे तर चहाला उठलेसुद्धा. उठू द्या. परसबागेचे नाव काढले की पुरुषांना वाटते हे बायकांचे काम, आणि बायकांना वाटते डोक्यावर आणखी एक काम आले. दोघांचेही म्हणणे खरे आहे आणि दोन्हींवर आम्ही बोलणार आहोत. पण आधी हिशेब. हिशेब मांडल्याशिवाय बोलायची आपल्यात रीत नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी गावातल्या खेडा खरेदीवाल्याच्या ओट्यावर जरा उभे राहून पाहा. नोव्हेंबर-डिसेंबरचे दिवस असतात. घरात कापूस येऊन पडलेला असतो, पण नगद पैसा नसतो. मग बाई दहा किलो, पंधरा किलो कापसाचे गाठोडे बांधून आणते. काटा त्याचा, भाव त्याचा, ओलावा किती धरायचा तेही त्यानेच ठरवायचे. त्या पैशातून ती दुपारी बाजारात वांगी, टमाटे, सांभार घेते. तिथे भाव भाजीवाला सांगतो. म्हणजे विकताना भाव दुसऱ्याचा आणि घेताना भाव दुसऱ्याचा. एकाच दिवसात, एकाच घराचा, दोन वेळा.

आता आकडे घ्या. पाच माणसांचे घर, आठवड्याला भाजीचे अडीचशे रुपये. कुणाचे दोनशे असतील, कुणाचे चारशे. ज्याने त्याने आपला आकडा घालावा. अडीचशे धरले तर वर्षाच्या बावन्न बाजारांचे १३,००० रुपये होतात. २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने मध्यम धाग्याच्या कापसाला ७,७१० रुपये हमीभाव जाहीर केला. तो भाव गावात किती जणांच्या हातात पडला ते तुम्हाला ठाऊक आहे, तरी तोच धरू. १३,००० रुपये म्हणजे पावणेदोन क्विंटलच्या जवळपास कापूस. कोरडवाहूत एकरी चार-पाच क्विंटल पिकवणाऱ्याचा एकरातला तिसऱ्या हिश्शाहून जास्त माल नुसत्या भाजीत गेला. यातून बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचाई अजून वजा केलेली नाही. खर्च वजा जाता जे उरते त्यातून मोजले तर किती एकरांचा नफा भाजीत जातो, हे प्रत्येकाने घरी जाऊन काढावे. काही जणांचे गणित सुटणारच नाही, कारण भागायला नफाच नसेल.

आणि एवढे देऊन येते काय? अडीचशे रुपयांत पाच किलो भाजी आली तर पुष्कळ झाले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली आहाराची नवी मार्गदर्शिका काढली. त्यात मोठ्या माणसाला रोज ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे, पालेभाजी धरून. पाच जणांना दिवसाला दोन किलो, आठवड्याला चौदा किलो. आपण आणतो पाच. बाजार झाला की तीन दिवस भाजी, पुढचे चार दिवस डाळ, बेसन नाहीतर ठेचा. ठेचा आम्हालाही आवडतो, पण ठेच्याने रक्त वाढत नाही. २०१९ ते २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या चौपन्न बायांच्या अंगात रक्त कमी निघाले. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांत हेच प्रमाण शंभरात जवळपास एकोणसत्तर. हा आकडा सगळ्या राज्याचा आहे, मुंबई-पुणे त्यात आले. आपल्या गावाचा कसा असेल तो अंदाज तुम्ही करा.

आधी असे नव्हते, असे म्हाताऱ्या माणसांना विचारले तर ते सांगतील. आधी सगळे चांगले होते असे आम्ही मुळीच म्हणत नाही. दुष्काळ होते, उपासमार होती. पण कोरडवाहू शेतातून भाजी येत होती, ही गोष्ट खरी. कापसाच्या ओळींत तुरीचे तास, मूग, उडीद. बाईच्या ओटीत अंबाडीचे, बरबटीचे, वाळकाचे बी असायचे आणि पेरणीच्या मागे ती ते कडेकडेने टाकत जायची. निंदताना तांदुळजा, घोळ, तरोटा निघायचा. त्यातला कोवळा पाला पदरात यायचा. ज्वारीच्या वावरात बरबटीच्या शेंगा. रब्बीत करडईची विरळणी केली की त्याची भाजी, हरभऱ्याचे शेंडे खुडले की त्याची भाजी. याचा भाव कुणी लावला नाही म्हणून हिशेबात कधी आली नाही. आणि जी गोष्ट हिशेबात नसते ती गेली तरी कळत नाही.

ती कशी गेली? सोयाबीन आले, ज्वारी मागे हटली. ज्वारी गेली तसा कडबा गेला, कडब्यामागे ढोरे गेली, ढोरांमागे शेण गेले. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. आम्ही नुकतेच पदवी घेऊन बाहेर पडत होतो. आमचा तंत्रज्ञानाला विरोध नाही, तेव्हा नव्हता, आजही नाही. ज्याला जे बियाणे परवडते ते त्याने पेरावे. पण सलग कापूस झाला, फवारे वाढले, मजुरी वाढली तसे तणनाशक आले, आणि तणनाशकाला अंबाडी आणि गाजरगवत यातला फरक कळत नाही. निंदायचे वाचले हा फायदा आपण मोजला. पदरातली भाजी गेली हा तोटा कुणी मोजला नाही.

आम्हीही मोजला नाही, हे कबूल केले पाहिजे. कृषी पदवीच्या चार वर्षांत आम्हाला नत्र-स्फुरद-पालाशचे प्रमाण शिकवले, कापसाच्या जाती पाठ करून घेतल्या. परसबाग हा विषय गृहविज्ञानाच्या मुलींचा, अशी आमची समजूत होती. पुढे एका प्रकल्पात नोकरी लागली आणि गावोगाव भाजीच्या बियाण्यांची पाकिटे वाटायचे काम अंगावर आले. पाकिटे आली फेब्रुवारीच्या शेवटी, कारण मार्चआधी निधी खर्ची घालायचा होता. त्यात काय होते? पत्ताकोबी, फुलकोबी, मुळा, गाजर. मार्चच्या उन्हात कोरडवाहू गावात फुलकोबी! आम्ही पदवीधर, आम्हाला कळत होते. तरी वाटली, सह्या घेतल्या, फोटो काढले. एका गावात एक बाई म्हणाली, “भाऊ, प्याले पानी नाही अन् तुमी कोबीले पानी टाका म्हन्ता?” आम्ही काहीतरी उत्तर देऊन पुढच्या घरी गेलो. दोन वर्षांनी नोकरी सोडली. ते वाक्य काही आम्हाला सोडत नाही.

तेव्हा आज पाण्यापासूनच सुरुवात करू.

पाच माणसांच्या घरात आंघोळीचे आणि भांड्यांचे मिळून रोज शंभर लिटर पाणी तरी मोरीतून बाहेर जाते. नळ चार दिवसांआड येत असला तरी आंघोळ होते ना? ते पाणी आज दारासमोर डबके करते, डास करते. आता एक सोपे माप लक्षात ठेवा. एक मीटर लांब, एक मीटर रुंद जागेवर एक मिलिमीटर पाणी दिले म्हणजे एक लिटर पाणी दिले. हिवाळ्यात भाजीला रोज सुमारे चार मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे शंभर लिटरमध्ये पंचवीस चौरस मीटर भिजते. उन्हाळ्यात तेच आठ मिलिमीटर आणि कधी त्याहून जास्त लागते, तेव्हा बारा चौरस मीटर जागाच जगते. म्हणून जागा घ्यायची दहा फूट रुंद आणि वीस फूट लांब. हिवाळ्यात सगळी लावायची, होळीनंतर निम्मी मोकळी सोडायची. पाणी विकत आणू नका, विहिरीवरून डोक्यावर वाहू नका. मोरीच्या पाण्यात जेवढे होते तेवढेच करा. ज्या बागेसाठी बाईला घागरभर पाणी जास्तीचे वाहावे लागते ती बाग तिसऱ्या महिन्यात मरते, आणि मरावीच.

मोरीच्या पाण्याचे दोन-तीन नियम आहेत. कपड्यांच्या पावडरचे पाणी वाफ्यात सोडायचे नाही. त्यात सोडियम असते, आणि आपली काळी जमीन सोडियमने चिघळते. ओली झाली की शिलाजितासारखी, वाळली की दगडासारखी. ते पाणी वेगळे काढून द्या. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी आधी खडी-वाळू भरलेल्या छोट्या खड्ड्यातून जाऊ द्या, खड्ड्याच्या तोंडाशी केळीचे दोन कंद आणि धोपा लावा. पुढचे पाणी झाडाच्या बुडाशी द्यायचे, पानांवर शिंपडायचे नाही. सांभारासारखे जे कच्चे खातो त्याला तर हे पाणी नकोच. वेलांसाठी जुने पाझरते मडके गळ्यापर्यंत पुरा, ते भरून ठेवा, भोवती चार बिया टोका. मडके जेवढे पाझरेल तेवढेच मूळ पिते. हे काही कुण्या कंपनीचे ठिबक नाही, त्याला अनुदानाचा अर्जही लागत नाही.

काय लावायचे? पाकिटात येते ते नव्हे, आपल्या हवेत टिकते ते. मृगाच्या पावसावर दोडका, कारले, गिलके, दुधी, कोहळे, काकडी. हे सगळे कुडावर आणि छपरावर चढवा. जमीन दोनशे फूट असली तरी छपरावरचा वेल त्या दोनशे फुटांत मोजायचा नाही, तो वरचा नफा. दुधी-कोहळ्याची पहिली फुले गळतात म्हणून बाया घाबरतात. ती नर फुले असतात, ती गळायचीच. मादी फुलाच्या मागे बारीकसे फळ दिसते. ते पिवळे पडून गळत असेल तर माशा येत नाहीत असे समजा, आणि नर फूल तोडून त्याचा पराग हाताने लावा. कोहळ्याचे फूल पहाटे उमलते, दुधीचे संध्याकाळी. त्या त्या वेळी जावे लागेल.

वालाबद्दल एक सांगायचे राहू नये. गावरान वाल मृगात लावला तर पावसाळाभर नुसता माजतो, फूल दिसत नाही. लोक कंटाळून उपटतात. तो दिवस लहान होण्याची वाट पाहत असतो. दिवाळीच्या आसपास फुलतो आणि मग दोन-तीन महिने थांबत नाही. अंबाडीचेही असेच, पण तिचा पाला आपल्याला फुलाआधीच हवा असतो. पावसाळ्यात काळ्या जमिनीत पाणी साचते म्हणून वांगी, मिरची, टमाटे गादीवाफ्यावर लावा. दसऱ्यानंतर मेथी, पालक, चुका, शेपू, सांभार, पण एकदम सगळा वाफा पेरू नका. दर पंधरा दिवसांनी दोन-दोन ओळी. नाहीतर एका आठवड्यात मेथीच मेथी आणि पुढे पुन्हा बाजार. संक्रांतीनंतर गवार आणि थोडी भेंडी. भेंडी परसातच ठेवा, कापसाच्या धुऱ्यावर नको. भेंडी कापसाच्याच कुळातली, तुडतुडे आणि ठिपक्यांची बोंडअळी दोघांवरही येते. आधीचे लोक कापसात भेंडी टाकत होते, ते आम्हाला माहीत आहे. तेव्हा कापूस वेगळा होता.

आणि मुंगणा. दारात मुंगणा नको म्हणणारी मंडळी प्रत्येक गावात आहेत. फांदी ठिसूळ असते, पोर चढले तर पडते, एवढेच त्यात खरे. घराच्या मागे लावा, छातीइतका झाला की शेंडा खुडा, शेंगा संपल्या की छाटा, म्हणजे हाताला येतो. एकदा मूळ धरले की उन्हाळ्यातही पाला देतो, आणि उन्हाळ्यातच आपल्याकडे हिरवे काही नसते. जवळ एक लिंबाचे आणि एक गोडनिंबाचे झाड. पालेभाजीवर लिंबू पिळून खाल्ले तर त्यातले लोह अंगी लागते, जेवणावर लगेच चहा घेतला तर बरेचसे वाया जाते. चहाबद्दल आम्ही फार आग्रह धरत नाही, हरणारी लढाई लढू नये. निदान तासभर थांबा.

ज्यांना दहा बाय वीस जागा नाही त्यांनी खताच्या रिकाम्या गोण्यांत माती-शेणखत भरून वेल लावावेत. गोण्या खताच्याच. औषधाचे डबे, बाटल्या परसात आणायच्या नाहीत, मग कितीही धुतलेल्या असोत. कापसावर फवारून उरलेले पंपातले औषध वांग्यांवर मारणारे लोक आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. मोनोक्रोटोफॉसला भाजीपाल्यावर २००५ सालीच बंदी झाली. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक माणसे गेली, ते आपण विसरलेलो नाही. तेच औषध आपण आपल्या हाताने लेकराच्या ताटात का वाढावे? परसात अळ्या हाताने वेचा, मावा दिसला तर निंबोळीचा अर्क फवारा, राहिलेले अळीने खाल्ले तर खाऊ द्या. फवारलेल्या कापसातली अंबाडीही आणू नका.

कुंपण हवेच, शेळी आणि डुक्कर यांच्यापुढे कृषिशास्त्र चालत नाही. पण पऱ्हाटीचा कूड करू नका. वाळलेल्या पऱ्हाटीवरच्या कवड्यांत गुलाबी बोंडअळी दडून बसते आणि पुढच्या हंगामात वावरात जाते. तुराट्यांचा कूड करा. हा कूड घालणे आणि पहिली खोदाई करणे पुरुषाचे काम आहे. बाई सकाळी पाच वाजता उठते, स्वयंपाक करते, वेचाईला जाते, परत येऊन स्वयंपाक करते. परसबाग तिच्या माथी मारून आपण पारावर बसणार असू तर हे भाषण इथेच थांबवलेले बरे. खोदणे, कूड, मोरीची चारी, गादीवाफे हे वर्षातून दोन-तीन दिवसांचे काम पुरुषांचे. काय लावायचे, केव्हा तोडायचे, शेजारणीला द्यायचे की विकायचे, हे मात्र तिने ठरवायचे. विकलेल्या दोडक्याचे वीस रुपये मागायचे नाहीत.

आता ज्यांच्या मनात अजून प्रश्न आहे त्यांच्यासाठी. आम्हाला मागच्याच एका सभेत एका तरुण कार्यकर्त्याने तोंडावर विचारले की, आपण घामाचे दाम मागतो, सरकारही शेतकऱ्याला कोंबड्या पाळा, भाजी लावा म्हणून सांगते, मग तुमच्यात आणि सरकारात फरक काय? प्रश्न रास्त आहे. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले, नवा कापूस घरात यायच्या तोंडावर. त्याचे उत्तर दोडका नाही. परसबागेने पीककर्ज फिटत नाही, सावकार फिटत नाही, पोरीचे शिक्षण होत नाही. कापसाचा भाव बुडवायचा आणि वर भाजीच्या बियांचे पाकीट हातावर ठेवायचे, ही थट्टा आहे, आणि ती आम्ही एके काळी स्वतःच्या हाताने वाटली आहे.

पण आम्ही आज जे सांगतो ते भावाऐवजी नाही, भावासाठी आहे. पुन्हा त्या ओट्यावर चला. ती बाई दहा किलो कापूस का विकते? भाव चांगला आहे म्हणून नाही. त्या दिवशी बाजार आहे म्हणून. आठवड्याच्या भाजी-किराण्याला नगद लागते म्हणून. दहा-दहा किलो करत डिसेंबरअखेर क्विंटलभर कापूस असा पाझरून जातो, आणि पुढे भाव चढलाच तर विकायला घरात उरते काय? निम्मा भाजीबाजार जरी परसातून निघाला तरी वर्षाचे साडेसहा हजार राहिले, आणि मुख्य म्हणजे त्या दिवसांत दर आठवड्याला ओट्यावर जायची निकड कमी झाली. बाजारात थांबू शकतो त्याला भाव मिळतो. व्यापारी थांबू शकतो, गिरणीवाला थांबू शकतो. आपण थांबू शकत नाही हे त्यांना माहीत आहे, त्यावरच त्यांचा धंदा चालतो.

हा विचार नवा नाही. १९९१ साली शेगावला शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम मांडला, त्यात व्यापारशेती आणि निर्यातशेतीच्या जोडीला सीताशेती आणि माजघरशेती होती. लोकांनी निर्यात तेवढी लक्षात ठेवली. सीताशेतीचे नाव निघाले की सभेत हसू यायचे, असे जुने कार्यकर्ते सांगतात.

दुसऱ्याही बाजूला बाजार कसा असतो ते पाहा. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये टमाटे शंभराच्या वर गेले. सरकारने नेपाळमधून टमाटे आणले, कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावले. शहरातल्या गिऱ्हाइकाची एवढी काळजी. त्या वाढलेल्या भावात टमाटे विकत घेणारा कापूसवाला शेतकरी गिऱ्हाईक म्हणून कुणाच्या खिजगणतीत नव्हता, आणि टमाटे पिकवणारा भाव पडल्यावर पुन्हा रस्त्यावर ओतायला मोकळा. आपल्या परसातल्या चार वेलांनी त्या बागायतदार भावाचे पोट मारले जाईल असे कुणी म्हणेल. तसे होत नाही. कांदा, बटाटा, लसूण आपण घेणारच आहोत, आणि आपल्या घरात भाजी जास्त झाली म्हणून त्याचा भाव पडत नाही. तो कसा पडतो ते आत्ताच सांगितले.

राहिले बियाणे. संकरित भाजीचे बी दरवर्षी विकत घ्यावे लागते, आणि पाच ग्रॅमच्या पाकिटाचा भाव वाचायला चष्मा लागतो. परसाला गावरान बरे. अकोले तालुक्यातल्या, अकोला नव्हे, नगरकडचे अकोले, कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे जपले. त्यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. शाळेत गेलेल्या नाहीत. आम्ही पदवी घेऊन कोबी वाटत होतो त्या काळात ही बाई वालाचे वाण गोळा करत होती.

बी धरायचे तर वेलावरचे पहिले-दुसरे चांगले फळ राखा, शेवटचे रोगट नव्हे. दोडका, दुधी वेलावरच खडखडीत वाळू द्या. कोहळा पिकला की तोडून महिनाभर ठेवा, मग फोडा. वांगे, टमाटे पूर्ण पिकवून बी धुऊन सावलीत वाळवा. सुकलेले बी राखेत घालून मडक्यात ठेवा. राख बियाण्याला चालते. वाफ्यात मात्र चिमूटभरच, आपली जमीन आधीच विम्ल आहे. एका जागी दुधीचे दोन प्रकार लावले तर त्यांचा संकर होतो, तेव्हा शेजारणींनी आपसात वाटून घ्यावे की कुणी कोणता वाण धरायचा.

त्यासाठी पुढची बैठक रोहिण्यांच्या आत घेऊ. येताना प्रत्येक घरातून दोन गोष्टी याव्यात. एक, आजपासून तोपर्यंतच्या प्रत्येक बाजाराचा भाजीचा खर्च, पोरांच्या वहीच्या कागदावर लिहून. आकडा फुगवू नये, लपवूही नये. दोन, घरात जे गावरान बी असेल ते, मूठभर का होईना, पुडीत बांधून. पुडीवर भाजीचे नाव, गावाचे नाव आणि जिने बी धरले त्या बाईचे नाव लिहावे. चहाला गेलेली मंडळी परत आलेली दिसतात. त्यांच्या घरीही हा निरोप द्यावा.